सर्व हिस्सेदारांच्या संमतीने

राधा आणि निखिल,

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या गावाबाहेर ससे फार झाले आणि शेजारच्या काकांनी आधी जमीनमालकाची लेखी परवानगी घेतली, मगच बंदूक बाहेर काढली, हे तुम्ही मोठ्या नवलानं लिहिलं आहे. "आजी, आपल्याकडे असं कुणी करत असेल का?" असं निखिलनं खाली विचारलं आहे. करत असे. आमच्या सोलापुरात, आमच्या गल्लीत असा एक माणूस होता. त्याच्याविषयी मी आजवर कुणाला सगळं सांगितलेलं नाही. आता सांगते, कारण त्याला ओळखणारी मी एकटीच उरले आहे, आणि पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर किती लिहिता येईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. तेव्हा क्रमानं सांगते.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीखाली एकदा घूस शिरली. मी तेव्हा लहान होते. शेजारचे तात्या आपली ठासणीची बंदूक घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. घूस चुलीमागे दिसत होती. आई म्हणाली, "मारा हो लवकर, काय बघताय?"

तात्या म्हणाले, "वहिनी, जागा कुणाची?"

"अहो, जागा भाड्याची. मालक बार्शीला असतात, तुम्हाला ठाऊक आहे."

"मग बार्शीला लिहिलं पाहिजे."

आणि त्यांनी खरोखर लिहिलं. आठव्या दिवशी मालकांचं उत्तर आलं की गिलाव्याला धक्का न लागेल अशा बेतानं घूस मारण्यास हरकत नाही. तोवर घुशीला पिलं झाली होती आणि गिलावा भिंतीसकट खाली आला होता. तात्यांनी ते उत्तर नीट घडी करून ठेवलं. म्हणाले, "उशीर झाला, पण काम नियमानं झालं." घूस पुढे मांजरीनं मारली. मांजरीनं कुणालाच विचारलं नाही.

तात्या दिवाणी कोर्टात अडतीस वर्षं नोकरी करून शिरस्तेदार, म्हणजे कोर्टातले मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं आयुष्य भाऊभाऊ एकमेकांवर लावतात ते वाटपाचे दावे लिहिण्यात गेलं. बायको प्लेगात गेली, मूल नव्हतं. बंदूक त्यांच्या आजोबांची. पिकांच्या रक्षणासाठी म्हणून तिचा परवाना होता, पण तात्यांच्या मालकीचं एक वाफाभरही शेत नव्हतं. ते दुसऱ्यांच्या शेतातली डुकरं, साळिंदरं मारायला जात, म्हणजे निघत. स्वतः वांग्याच्या भाजीवर जगणारा माणूस. बंदूक ठासायला त्यांना पाव तास लागे: आधी दारू, मग चिंध्या, मग छर्रे, मग गज घालून ठोकायचं. पण त्याआधी कागद. कागदाला कधी आठ दिवस, कधी महिना.

कागद त्यांनी स्वतः तयार केला होता. "मी खाली सही करणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो की, माझ्या मालकीच्या व वहिवाटीच्या जमिनीत उपद्रव करणारे जनावर मारण्यास माझी व सर्व हिस्सेदारांची संमती आहे." खाली जमिनीच्या चारी बाजूंना कोण कोण आहे ते, मग सह्या, मग अंगठे. अंगठ्यासाठी शाईची डबी ते कोटाच्या खिशात ठेवत, त्यामुळे तो खिसा कायम निळा. कुणी "माझी हरकत नाही, तात्या" असं तोंडी म्हटलं की ते कानावर हात ठेवत. "तोंडी मी ऐकत नाही. तोंडी ऐकून माणसं बुडतात."

गल्लीतली मुलं त्यांना परवानगीतात्या म्हणत. मीही म्हणत असे.

मी इंग्रजी सहावीत गेले तेव्हा त्यांना मोतीबिंदू झाला, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून सगळे कागद लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. परवान्याच्या नूतनीकरणाचा कलेक्टरसाहेबांना इंग्रजी अर्जही मीच लिहीत असे. मोतीबिंदू झालेला माणूस बंदुकीचा परवाना मागतो आहे, ही गोष्ट त्या अर्जात कुठेच येत नसे. मी एकदा तसं म्हणाले. ते म्हणाले, "बाळ, विचारलेलं नाही ते लिहू नये."

अकलूजची हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली. तिकडे कालव्याच्या पाण्यावर नवा ऊस झाला होता आणि उसात रानडुकरं शिरली होती. म्हादबा नावाच्या शेतकऱ्यानं तात्यांना मोटारीनं बोलावून घेतलं.

"तात्या, आत्ता उसातच हायती. हाणा की."

"बांधाच्या अलीकडे आहेत की पलीकडे?"

"मगाशी अलीकडं हुती. तुमी डबी काढुस्तवर पलीकडं गेली."

"पलीकडचं रान कुणाचं?"

"चुलत्याचं. पर त्यो अन् मी बोलत न्हाय. अकरा सालं झाली."

"मग बोला. त्यांचा अंगठा लागेल."

"आवो, डुकरं काय उतारा बघून रानात शिरत्यात व्हय?"

"डुकरांना कायदा लागू नाही. मला आहे."

शेवटी म्हादबा चुलत्याच्या वस्तीवर गेला. दोघं आधी बांधावर उभं राहून भांडले, मग खाली बसून भांडले, मग चुलतीनं चहा आणला. संध्याकाळी कागदावर दोन्ही अंगठे आले. डुकरं तोवर पार नदीच्या अंगाला निघून गेली होती आणि जाताना अर्धा फड लोळवून गेली होती. म्हादबानं तात्यांना गुळाची ढेप दिली. तात्या ती ढेप आमच्याकडे देऊन म्हणाले, "गोळी वाया गेली नाही." चांगलं काम झाल्यावर माणूस खूश होतो. हे गप्प होत. आई म्हणायची, यांना कुणाची तरी सही हवी आहे आणि ती भलत्याच कागदांवर गोळा करत बसलेत. मला वाटे, आई उगाच काहीतरी म्हणते.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा माळाप्पा आला. धनगर माणूस. सांगोल्याकडचा, पण आईकडून कानडी. ज्वारीची काढणी झाली की तो मेंढ्या घेऊन सोलापूरच्या अंगाला येई. शेतकरी त्याच्या मेंढ्या आपल्या मोकळ्या रानात बसवून घेत, कारण लेंड्यांचं खत मिळे. त्या वर्षी शेजारच्या माळावर लांडग्यानं बीळ केलं होतं.

"आठ दिसांत चार कोकरं न्हेली, तात्या," माळाप्पा ओट्याखाली उकिडवा बसून म्हणाला. "आसंच चाललं तर मला रान अर्धं सोडून हलावं लागंल. पुढं कुटं बसवून घेणार मला ऐन उन्हाळ्यात? बंदूक घिऊन चला."

"माळ कुणाचा?"

"चौघा भावकीचा."

"चौघं कुठं असतात?"

माळाप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी दौत आणायला उठले.

चौघांपैकी दोघं गावात होते, एक गिरणीत साच्यावर आणि एक बार्शीच्या अडतीत. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आणखी दोन कोकरं गेली. माळाप्पा दर दोन दिवसांनी यायचा, ओट्याखाली बसायचा आणि उठून कळपाकडे जायचा. एकदाच म्हणाला, "तुमचा कागद हुस्तवर माझा कळप सपंल." तात्यांनी मान खाली घातली, पण कागद पुरा होईपर्यंत बंदुकीला हात लावला नाही.

बाराव्या दिवशी आम्ही टांग्यानं निघालो. मी बरोबर असावं, कारण कागद वाचून कोण दाखवणार? आणि मला सांगायला लाज वाटते, पण लांडगा कुठे आहे हेही त्यांना कुणीतरी सांगावंच लागणार होतं. निघताना त्यांनी आईची लेखी संमती घेतली: "माझी मुलगी सदर कामी बरोबर नेण्यास हरकत नाही." आईनं सही केली आणि म्हणाली, "तात्या, ती परत आणण्याची पण अट घाला." त्यांनी ती घातली.

फाल्गुनातलं ऊन होतं. माळावर एक बाभूळ सोडली तर सावली नव्हती. माळाप्पाची म्हातारी आई बाभळीखाली लोकर पिंजत बसली होती. तात्यांनी बंदूक ठासली, ऊन डोळ्यांवर हातानं अडवलं आणि मला चौघांच्या सह्या वाचायला सांगितल्या. मी वाचल्या.

"जमिनीचं झालं," ते म्हणाले. "आता मेंढ्यांचं. कळप एकत्र आहे ना? मग माळाप्पाचा आणि आईचा, दोन्ही अंगठे."

माळाप्पानं अंगठा उठवला. म्हातारीनं हात मागे घेतला.

"मी न्हाय देनार. एक अंगठा राहिला तुमचा."

"कुणाचा?" तात्या खरोखरच दचकले. हिस्सेदार राहून जाणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

"धाकट्याचा," म्हातारी म्हणाली. "आमच्यात सांगत्यात, मूळचे सात भाऊ. साहा जणांनी मेंढरं वाटून घेटली. धाकट्याला काई दिलं न्हाई. त्यो मग डोंगरात गेला अन् लांडगा झाला. तवापास्नं येतुया, आपला वाटा न्हेतुया. त्याला मारायचं आसंल तर त्याला इचारा."

माळाप्पा चिडला. "आये, साहा कोकरं गेली. एवढा वाटा आसतुय व्हय?"

"मागल्या साली आला न्हवता. त्या सालचं बी न्हेलं आसंल."

मला हसू आलं. मी तात्यांकडे पाहिलं. वाटलं, तेही हसतील. ते हसत नव्हते. ते म्हातारीसमोर जमिनीवर बसले, कोर्टात साक्षीदारासमोर बसावं तसे.

"वाटणीच्या वेळी धाकटा कुठे होता?"

"रानात. मेंढरं राखत हुता की त्यो."

"त्याला कळवलं होतं?"

"कोन कळवतंय? परत आला तवर समदं वाटून झालंतं."

"तो काही म्हणाला?"

"काय म्हननार?" म्हातारी पुन्हा लोकर पिंजू लागली. "दारात हुबा ऱ्हायला अन् गेला."

समोर दगडांच्या ढिगापाशी काहीतरी करड्या रंगाचं हललं. माळाप्पा दबक्या आवाजात म्हणाला, "त्यो बघा. त्यो बघा, तात्या." मलाही दिसलं. बारीक, हडकुळं जनावर, आमच्याकडे बघत उभं. तात्यांना एवढ्या अंतरावरचं दिसणं शक्यच नव्हतं. तरी ते त्या दिशेला बघत राहिले. मग म्हणाले, "बाळ, कागदावर लिही. एक हिस्सेदार गैरहजर. काम तहकूब."

मी लिहिलं. माळाप्पा उठून कळपाकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो रान अर्धं सोडून हलला. जाताना तो तात्यांकडे आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही. त्याचं ते साल कसं गेलं असेल, हे मला आजही आठवतं आणि बरं वाटत नाही. तात्यांच्या नियमानं त्याचं नुकसानच झालं.

टांग्यात परतताना तात्या म्हणाले, "तुला एक दावा सांगतो. बाप वारला. घर एक, मुलगे दोन. थोरला कोर्टात कारकून. धाकटा परगावी, रेल्वेत तारेचं काम शिकत होता. थोरल्यानं घर आपल्या एकट्याच्या नावावर लावून घेतलं. साहेबानं विचारलं, धाकट्याची संमती आहे का? थोरला म्हणाला, आहे, तोंडी आहे. साहेबानं थोरल्यावर विश्वास ठेवला."

"मग?"

"धाकटा रजेवर आला. त्याला कळलं. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, दादा, आता आत यायला तुमची परवानगी लागेल का?"

"आणि थोरला काय म्हणाला?"

"थोरल्याला तेव्हा काही सुचलं नाही. सुचलं तोवर धाकटा गल्लीच्या टोकाला गेला होता."

"निकाल काय लागला?" मी विचारलं. मला अजून वाटत होतं की हा कोर्टातलाच एखादा दावा आहे.

"वादीनं दावा लावलाच नाही, बाळ. त्यामुळे निकालही लागला नाही. सव्वीस वर्षं झाली." मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "आधी दौंडला होता. मग वाडीला. मग तीन वर्षं होटगीला. होटगी इथून किती लांब, सांग बरं. आता केमला आहे."

टांगा गल्लीत शिरला तेव्हा मला समजलं की मी कुणाच्या घरासमोर उतरते आहे.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. तात्यांनी आपल्या चार खोल्यांच्या घराच्या बरोबर मध्ये भिंत घातली. बरोबर मध्ये असं मी म्हणते, पण आड, देवघर आणि वरची माडी त्यांनी पलीकडच्या भागात जाऊ दिली. स्वतःकडे दोन अंधाऱ्या खोल्या ठेवल्या आणि पाण्याला आमच्याकडे येऊ लागले. वाटणीचा कागद रीतसर नोंदवला. पलीकडच्या भागाची किल्ली आणि कागद रजिस्टर टपालानं केमला पाठवला. तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. वर शेरा होता: घेण्यास नकार.

त्यानंतर तात्यांनी त्या भागात पाऊल टाकलं नाही. गल्लीत सगळे म्हणाले, अहो निदान झाडून तरी घ्या. ते म्हणत, "दुसऱ्याच्या जागेत विनापरवाना कसा जाऊ?"

माडीची खिडकी वाऱ्यानं फुटली आणि पारवे आत शिरले. दोनाचे वीस झाले. घूं घूं असा आवाज आमच्या घरापर्यंत येई. तेव्हा तात्यांनी मला बोलावून कार्ड लिहायला घेतलं. मी सवयीनं "चि. वामन यास आशीर्वाद" असं सुरू केलं. धाकट्या भावाला थोरला असंच लिहितो. त्यांनी ते खोडायला लावलं.

"आशीर्वाद द्यायचा हक्क मी कधीच घालवला. परक्याला लिहितात तसं लिही."

म्हणून मी लिहिलं: "रा. रा. वामनराव यांस सप्रेम नमस्कार. आपल्या हिश्श्यातील माडीत पारव्यांचा उपद्रव झाला आहे. ते बंदुकीने मारण्यास आपली संमती असल्यास लेखी कळवावे."

उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्ड. पारव्यांची संख्या कळवली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मी कॉलेजसाठी पुण्याला गेले, तेव्हा सुट्टीत आले की साठलेली कार्डं लिहून देई. एका कार्डात त्यांनी छर्ऱ्यांनी माडीच्या तुळईला इजा होणार नाही अशी हमी दिली. मी वैतागून आईला म्हणाले की वीस पारव्यांसाठी हा माणूस किती कार्डं घालवणार. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पारव्यांचं काय घेऊन बसलीस? त्यांना उत्तर हवंय. कसलंही चालेल."

उत्तर दुसऱ्या वर्षी, मी मे महिन्याच्या सुट्टीत असताना आलं. तात्यांना आता कार्डावरचं अक्षर मुळीच दिसत नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून बसले. पत्ता सोडून तीनच ओळी होत्या. मी वाचल्या:

"ती. दादांस सा. न.

पारव्यांना मारू नये. आई त्यांना ज्वारी घालीत असे.

वामन."

तात्या म्हणाले, "पहिली ओळ पुन्हा वाच."

मी वाचली. तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार.

"पुन्हा."

मी पाच-सहा वेळा वाचली असेल. मग ते म्हणाले, "स्पष्ट आदेश आहे. बंदूक ठाण्यात जमा करायचा अर्ज लिही."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी अंगणातल्या भिंतीपाशी उभे राहून मूठमूठ ज्वारी पलीकडे फेकू लागले. मी विचारलं, "याला परवानगी नको का?" त्यांनी गंभीरपणे विचार केला. म्हणाले, "मी आत गेलो नाही. ज्वारी गेली. ज्वारी फेकू नये असं त्यानं लिहिलेलं नाही."

वामनराव आले नाहीत. कार्डही पुन्हा आलं नाही. तात्यांनी दर महिन्याला लिहिणं सोडलं नाही, आणि आता ते मला "चि. वामन यास आशीर्वाद" असं लिहू देत. दोन वर्षांनी थंडीत ते गेले. माझ्या वडिलांनी केमला तार केली. तिथे तारमास्तर असलेल्या वामनरावांनी आपल्याच हातानं ती उतरवून घेतली असणार, याचा मला तेव्हा विचार आला आणि अजूनही येतो. तिसऱ्या दिवशी आई पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा तात्यांच्या उंबऱ्याबाहेर कुणीतरी पोतंभर ज्वारी ठेवून गेलं होतं. कोण, ते कुणी पाहिलं नाही.

माळावर आता सूतगिरणीच्या कामगारांची घरं आहेत. तात्यांचं घर भिंतीसकट पाडलं, तिथे चादरींचं गोदाम आहे. बंदुकीचं काय झालं ते मला माहीत नाही. वामनरावांचं कार्ड माझ्याकडे आहे. शाई तपकिरी झाली आहे, एक कोपरा वाळवीनं खाल्ला आहे. पहिली ओळ नीट वाचता येते.

तुमची आजी